शेवटचा हात

१

शनिवारी सकाळी मी कपाट उघडलं आणि रेकॉर्डचं पाकीट बाहेर काढलं. पाकीट हलकं होतं. आत हात घातला, उलटं करून झटकलं, आणि अशा वेळी माणूस जो वेडेपणा करतो तोही केला, म्हणजे पुन्हा एकदा आत डोकावून पाहिलं. रेकॉर्ड गेली होती.

माझं पडद्यांचं दुकान आहे. दुकानाच्या वर एक लांबट खोली आहे, आणि महिन्यातून एका रविवारी तिथे आमचं मंडळ भरतं. आम्ही सगळे एकाच गायिकेचे चाहते. तिचं नाव आमच्यात कोणी घेत नाही. ‘ती’ म्हटलं की ती, दुसरी कोणी नाही. उभं आयुष्य तिने आम्हाला नाचवलं. आमच्यातल्या निम्म्यांची लग्नं तिच्या गाण्यांमुळे जमली आणि एक-दोन त्याच कारणाने मोडलीही.

आता सत्तरी ओलांडल्यावर तिने नवा अल्बम काढला आणि मंडळात उभी फूट पडली. ढोल नाही, ताल नाही, नाचायचं तर नावच नको. दारं करकरतात, लिफ्ट वर जाते, कोणीतरी जिना चढताना धापा टाकतं आणि मधूनच ती खालच्या, खरखरीत आवाजात दोन ओळी म्हणते. कोणी म्हणालं, बाईंनी आयुष्यभराची भीड सोडली. कोणी म्हणालं, बाईंना आता घरच्यांनी आवरावं.

आमचे अध्यक्ष पहिल्या गटातले. गाडी चालवायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे शांत माणूस. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, “पहिल्या बाजूच्या शेवटी ती गायची थांबते आणि आपल्याला निव्वळ शांततेत सोडून देते. एवढी हिंमत दुसऱ्या कोणात आहे?” त्यावर डॉक्टर तुटून पडले. डॉक्टर दातांचे, आणि अध्यक्षांचे सख्खे मेव्हणे. “कसली शांतता, भाऊजी? तो आवाज ऐकून माझेच दात शिवशिवले! रविवारी लावलीत तर तुकडे करीन त्या रेकॉर्डचे.” ग्रुपवर दिवसभर हसणं चाललं. अध्यक्षांनी मात्र त्यानंतर शनिवारपर्यंत ग्रुपवर अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, रागावले.

आणि ही रेकॉर्ड साधीसुधी नव्हती. ती तिने स्वतः मंडळासाठी पाठवली होती. अध्यक्षांनी कधीतरी तिला आमच्या रिवाजाबद्दल कळवलं होतं. हा रिवाज आधी सांगते. रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं विरत जातं तेव्हा आम्ही सगळे डोळे मिटून एक हात वर करून बसतो. ज्याला ऐकू येणं थांबलं त्याने हात खाली घ्यायचा. डोळे उघडे ठेवायची परवानगी फक्त मला, कारण मी पंच. सगळ्यात शेवटी खाली येणारा हात कायम अध्यक्षांचा. त्यांची बायको होती तोवर ती दुसरी यायची आणि घरी जाईपर्यंत त्यांच्याशी भांडायची. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तर पाकिटावर त्या गायिकेने सही केली होती आणि वर लिहिलं होतं, “पहिल्या बाजूचा शेवट तुमच्या हातांसाठी.”

मी ग्रुपवर बातमी टाकली आणि पहिला चहा थंड व्हायच्या आत निकाल लागला. चोर डॉक्टर. तुकडे करीन म्हणाले होते, केले असतील. उद्या रेकॉर्ड लागली नाही तर डॉक्टरांना मंडळातून काढायचं. सगळ्यांनी अध्यक्षांचं मत विचारलं.

अध्यक्षांनी एकच शब्द लिहिला, “बघू.”

सख्ख्या मेव्हण्यासाठी एवढंच? मला ते खटकलं. मी फोन उचलला आणि वन्संना बोलावून घेतलं.

२

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. विमा कंपनीत होत्या. जळालेल्या दुकानात आगीच्या आधी खरंच माल होता का, हे शोधायचं त्यांचं काम. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही आणि याचा त्यांना अभिमानही आहे.

“कुलूप?” त्यांनी विचारलं.

“शाबूत आहे. किल्ली माझ्या दुकानाच्या खणात असते. सगळ्यांना माहीत आहे.”

“म्हणजे कुलूप नसल्यातच जमा.” त्यांनी पाकीट उजेडात धरलं. “ही सही खरी?”

“खरी. आणि वन्सं, जरा कडेला धरा हो, बोटं उमटतील.”

“वहिनी, तुला रेकॉर्ड शोधायची आहे की पाकिटाची पूजा करायची आहे?”

तेवढ्यात डबल आला. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. तिची प्रत्येक वस्तू दोनदा विकत घेतो, एक वापरायला आणि एक न फोडता ठेवायला, म्हणून डबल. डॉक्टरांना काढा म्हणून सगळ्यात मोठा गळा त्याचाच होता, त्यामुळे मला त्याचाच संशय येत होता. तिने सही करून पाठवलेली वस्तू त्याला विकत कुठून मिळणार?

वन्संनी आडवळण घेतलं नाही. “तुम्ही नेलीत का?”

डबल दुखावला. “अहो ताई, माझ्याकडे या अल्बमच्या दोन रेकॉर्ड आहेतच. मी चोरायला आलो असतो तर पाकीट नेलं असतं! सही पाकिटावर आहे. आतली चकती बाजारात कुठेही मिळते.”

“मग तुमच्यातली एक उद्या लावा की.”

“लावू की! पण तिने पाठवलेली हरवली म्हटल्यावर अध्यक्षच मला फोनवर म्हणाले, ती नाही तर कुठलीच नको.”

“असं म्हणाले?” वन्संनी मान डोलावली. “बरं, तो पहिल्या बाजूचा शेवट काय प्रकार आहे?”

डबलचा चेहरा उजळला. “अहो, ओलं बोट काचेच्या पेल्याच्या कडेवरून फिरवतात ना, तसा आवाज. बारीक, वर चढणारा. असे खूप पेले. ती गायची थांबते आणि ते वाजत राहतात, एकेक करत विरतात. बायको म्हणते, तारेवर पक्षी बसलाय आणि उडत नाहीये.” मग त्याने आवाज खाली आणला. “डॉक्टरांना सोडू नका, ताई. काल संध्याकाळी त्यांना या जिन्यावरून उतरताना मी स्वतः पाहिलं. पँट झटकत होते.”

३

डॉक्टरांचा दवाखाना रिकामा होता. रुग्णांच्या खुर्चीत ते स्वतःच आडवे पडून छताकडे बघत होते.

“आलो होतो वर,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू? स्पीकरच्या तारा नीट बसवायला आलो होतो. मागच्या वेळी एक बाजू खरखरत होती.”

“जो अल्बम तुम्हाला आवडत नाही, त्याच्यासाठी?” वन्संनी विचारलं.

“त्याच्यासाठीच! फोनवर ऐकून सगळे म्हणतात, वा, काय धाडस. चांगल्या स्पीकरवर ऐकू दे म्हटलं, मग कळेल कसं भिकार काम आहे ते. रेकॉर्ड लागायला हवी होती हो मला. सगळ्यांसमोर जिंकायचं होतं.” ते उठून बसले. “तुकडे करीन म्हणालो, ते रागात. मी दात काढतो, पण आधी भूल देतो.”

वन्सं हसल्या नाहीत, पण त्यांना माणूस आवडला असावा. त्यांनी स्वतःहून खुर्ची ओढून घेतली.

“काढलं मंडळातून, तर काय जाईल तुमचं?”

“माझी ताई गेल्यावर भाऊजींकडे जायचं काही निमित्त उरलं नाही. सणसमारंभ ताईच करायची. आता रविवारी या खोलीत भेटतो आणि भांडतो, तेवढंच नातं राहिलंय. ते गेलं की माझं माहेर संपलं म्हणा ना. हसू नका, भावालाही माहेर असतं.” मग एकदम चिडून म्हणाले, “आणि त्यांना वाटतं मी चोर आहे! एका शब्दाने माझी बाजू घेतली नाही त्यांनी.”

वन्संनी उठता उठता विचारलं, “पँट कशाला झटकत होतात?”

“पँट? हां! स्टुलावर नडगी आपटली. कोणीतरी मधेच ठेवलं होतं.”

“कपाटापाशी?”

“छे, कपाटापाशी कशाला? पलीकडे, जुन्या रेकॉर्ड्सच्या फळ्यांपाशी. मीच बाजूला सरकवलं.”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. स्टूल आमच्या खोलीत कोपऱ्यात असतं आणि महिनोन्‌महिने कोणी त्याला हात लावत नाही.

४

तरी वन्सं लगेच खोलीवर गेल्या नाहीत. “आधी अध्यक्ष,” म्हणाल्या.

अध्यक्षांचं घर नेटकं आहे. एकटा माणूस राहतो, पण चपला जोडीने, वर्तमानपत्रं घडीने. भिंतीवर बायकोचा फोटो, त्याच्या खाली रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, त्यावर झाकण आणि झाकणावर धुळीचा कणही नाही. त्यांनी आम्हाला बसवलं, दूध काढलं, चहा केला आणि कप घेऊन समोर येऊन बसले.

“डॉक्टरांनी नेली असेल असं वाटतं तुम्हाला?” वन्संनी विचारलं.

“तो बोलतो फार. मनाने वाईट नाही.”

“हे ग्रुपवर का नाही लिहिलंत?”

अध्यक्षांनी वन्संपुढे साखरेचा डबा सरकवला. स्वयंपाकघरातून टीं टीं टीं असा आवाज सुरू झाला होता. फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं. मला असले आवाज सहन होत नाहीत. वाट पाहिली की हे उठतील, मग उठतील. ते आपले शांतपणे बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवत होते. केवढा हा संयम, असं मनात म्हणत शेवटी मीच उठले आणि दार लावून आले.

“काही हवं होतं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही, दार लावलं.”

“वाजवलं का कोणी?” ते बाहेरच्या दाराकडे बघू लागले.

वन्संनी कपातली साखर ढवळायचं थांबवलं. त्यानंतर त्यांनी चोरीबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. फोटोकडे बघून म्हणाल्या, “वहिनी सांगत होती, या दुसऱ्या यायच्या.”

“हो,” अध्यक्ष हसले. “म्हणायची, तुम्ही लबाडी करता. मी कधी केली नाही. खोटा हात वर ठेवायचा, तर जमायचं तरी कशाला?”

खोलीवर परत येताना वन्संनी मला विचारलं, “तुमच्या फळ्यांवर अशी कोणती रेकॉर्ड आहे जी कोणी चुकूनही काढणार नाही?”

मला हसूच आलं. “व्यायामाची! मधल्या काळात तिने व्यायामाची गाणी काढली होती. ‘कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे.’ आम्ही त्याबद्दल बोलतही नाही. सगळ्यात वरच्या फळीवर आहे.”

“चढ स्टुलावर.”

मी चढले. पाकीट काढलं. ते जड लागलं. आत व्यायामाची रेकॉर्ड होती आणि तिच्या शेजारी, नव्याकोऱ्या मऊ आवरणात, एक ओरखडाही न पडलेली आमची रेकॉर्ड.

मी आनंदाने ओरडणार होते, पण वन्संनी ओठांवर बोट ठेवलं. “कोणालाही सांगायचं नाही. निम्मंच सापडलंय.”

५

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “ज्याला मिरवायची असती त्याने पाकीट नेलं असतं. ज्याला राग होता त्याने तुकडे केले असते, आणि आपल्या रागावलेल्या डॉक्टरांना तर ती लागायलाच हवी होती. इथे कोणीतरी तिला नवं आवरण घातलं, उन्हातून घरी न्यायचा धोकाही घेतला नाही, इथेच जपून ठेवली. म्हणजे तिच्यावर जीव असलेला माणूस. फक्त उद्या ती वाजायला नको होती.”

“पण गाणी सगळ्यांनी फोनवर ऐकलीत की.”

“गाणी ऐकलीत. फोनवर कोणी हात वर करतं का?”

मी स्टुलावरच बसले.

“उद्या एकच नवी गोष्ट होणार होती,” वन्सं पुढे म्हणाल्या. “हात. आणि शेवट कसला, तर बारीक, उंच आवाजाचा. डॉक्टरांचे दात शिवशिवतात, चष्मेवाल्याच्या बायकोला पक्षी वाटतो. एकाच माणसाला तिथे काय ऐकू आलं?”

मला ग्रुपवरचं ते वाक्य आठवलं. निव्वळ शांतता. आम्ही सगळे हसलो होतो. मग फ्रिज आठवला आणि माझे डोळेच भरून आले. मी त्याला संयम म्हणाले होते.

अध्यक्षांना बोलवावं लागलं नाही. आम्ही गेल्यावर त्यांना घरात बसवलं नसावं. जिन्यावर पावलं वाजली, ते दारात आले आणि टेबलावरची रेकॉर्ड बघून तिथेच उभे राहिले.

“सापडली,” ते म्हणाले. सुटल्यासारखा आवाज होता त्यांचा.

वन्संनी त्यांना खुर्ची दिली.

“मला खरंच शांतता वाटली हो,” अध्यक्ष म्हणाले. “मेव्हण्याचं उत्तर वाचलं आणि घरची रेकॉर्ड पुन्हा लावून पाहिली. पुन्हा पुन्हा लावली. चकती फिरताना दिसते, बाकी काही नाही. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, वरचे सूर गेलेत, बरीच वर्षं झाली असतील. मी म्हटलं, शक्य नाही, दर महिन्याला माझा हात शेवटचा असतो. मग घरी येऊन लक्षात आलं. जुनी गाणी पाठ आहेत मला. कुठे संपतात ते माहीत आहे. मी ऐकत नव्हतो, मी आठवत होतो. आणि मला कळलंच नाही कधी एक संपलं आणि दुसरं सुरू झालं.”

“मग उद्याही हात ठेवायचा होता वर,” मी म्हणाले. “आमच्यापैकी कोणी काही म्हटलं नसतं.”

“खोटा? तिने तो शेवट आपल्या हातांसाठी केलाय. मी तिला कळवलं म्हणून केलाय. आणि तोच मला...” त्यांनी टेबलावरची रेकॉर्ड सरळ केली. “कानात घालायचं यंत्र मिळणार आहे, पण उद्यापर्यंत नाही. म्हटलं, एक महिना पुढे ढकलू. मग रेकॉर्ड आपोआप सापडली असती.”

“आणि मेव्हणा?” वन्संनी विचारलं. आवाज मऊ होता, पण त्यांनी प्रश्न सोडला नाही.

अध्यक्षांनी चेहरा हातांत घेतला. “सकाळपासून लिहायला घेतोय. लिहितो आणि पुसतो. तिच्या भावाला मी चोर ठरू दिलं. ती असती तर घरात घेतलं नसतं मला.”

“तो काय म्हणाला सांगू?” वन्संनी विचारलं. “म्हणाला, या खोलीत त्याचं माहेर आहे.”

जाताना अध्यक्ष फक्त म्हणाले, “उद्या रेकॉर्ड लावा.”

६

रविवारी खोली भरली होती. डॉक्टर आले, पण दाराजवळच्या खुर्चीत बसले, म्हणजे हाकलायच्या आधी स्वतःच उठून जाता येईल. वन्सं माझ्या शेजारी बसल्या, गाण्यासाठी नाही, असं दोनदा सांगून.

अध्यक्ष उभे राहिले. “रेकॉर्ड मी लपवली होती,” ते म्हणाले. “डॉक्टरांचा काही संबंध नाही. पहिल्या बाजूचा शेवट मला ऐकू येत नाही. माझे कान गेलेत, आणि ते तुमच्यासमोर कळायला नको होतं. माझ्यामुळे एका भल्या माणसाला तुम्ही काल दिवसभर नाही नाही ते बोललात. त्याने माफ केलं नाही तरी चालेल, पण त्याला कळलं पाहिजे.”

डबल स्वतःचा चष्मा पुसत बसला. डॉक्टर भाऊजींकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येईना.

मी सुई ठेवली. दारं करकरली, लिफ्ट वर गेली, ती गायली. चांगल्या स्पीकरवर तिचा श्वाससुद्धा खोलीत आल्यासारखा वाटत होता. मग ती थांबली आणि पेले वाजू लागले.

सगळ्यांनी डोळे मिटले. हात वर झाले. अध्यक्षांनीही डोळे मिटले, पण दोन्ही हात मांडीवर ठेवले.

तेव्हा डॉक्टर उठले. बूट वाजू नयेत म्हणून चवड्यांवर चालत आले, अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी भाऊजींचं मनगट धरून हात वर उचलला. अध्यक्ष दचकले. हात ओढून घ्यायला लागले. डॉक्टरांनी तो सोडला नाही. स्वतःचे डोळे मिटून घेतले आणि कान देऊन ऐकत राहिले, दोघांच्या वाटचं.

आवाज बारीक होत गेला. एकेक हात खाली आला. डबलचा आला. मागच्या रांगेतले आले. माझ्या शेजारी वन्संचा हात वर होता, तोही खाली आला आणि त्यांनी पदर सारखा केल्याचं सोंग केलं. मला ऐकू येणं थांबलं. तरी तो एक हात वरच होता, खाली दुसऱ्याच्या मुठीत धरलेला. अध्यक्षांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा मोकळा हातही हलला नाही.

मग डॉक्टरांनी सावकाश, जपून, तो हात खाली आणला.

पंचाने निकाल द्यायचा असतो. मी दिला. “शेवटचा हात अध्यक्षांचा.”

सगळ्यांनी डोळे उघडले.

“तरी अल्बम भिकारच आहे, भाऊजी,” डॉक्टर नाक ओढत म्हणाले. मनगट अजून त्यांच्याच हातात होतं.

“तुला कळतंय काय त्यातलं,” अध्यक्ष म्हणाले. “दुसरी बाजू लावा.”